वीतभर उंचीला बोटभर कल

गेट करा, खिडकीचं ग्रिल करा, पाण्याच्या टाकीचं स्टँड करा, पण गाडीच्या खाली जाऊ नका. भूममधल्या निम्म्या लोकांचं मला हे सांगून झालंय. कुणी मायेनं सांगितलं, कुणी हसत हसत, आणि माझ्या दिरानं तर दर रविवारी न चुकता. "वैनी, गेट वाकडं झालं तर नुसतं कुरकुरतंय. आक्सल वाकडा झाला तर माणूस जातंय." बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबायचं.

आमचं गॅरेज बाजारच्या रस्त्याला आहे. एक शटर, पुढं पत्र्याचं शेड, मागं भंगाराचा ढीग. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, चालू केलं, त्यांच्यामागं नवऱ्यानं चालवलं. जीप, ट्रॉली, ट्रॅक्टर, जे दारात येईल ते. मग नवऱ्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाची बशी वाजायची, मग पान्याला नट सापडेना. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बशी वाजायची थांबली, पण वेल्डिंगचा होल्डर धरायचा तर हात तसूभरही हलून चालत नाही. एक दिवस त्यांनी होल्डर माझ्या हातात दिला आणि काच माझ्या डोळ्यांपुढं धरली. मी लोहाराची लेक, मला आगीचं काय नवल? साडीवर त्यांचा जुना शर्ट चढवला आणि पहिलं गेट केलं. त्याला आता सहा वर्षं झाली.

माझे अण्णा सास्तूरला बैलगाड्या करायचे. भूकंपानंतर नव्या गावठाणात त्यांनी भाता पुन्हा मांडला तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची होते, आणि भाता ओढायला मीच असायचे. गाडीचा लोखंडी आस, म्हणजे बैलगाडीचा आक्सल, बसवायचा तर अण्णांचा सगळा जीव दोन वस्तूंत. उभं बघायला ओळंबा आणि आडवं बघायला पाणसळ. केसभर फरक दिसला की आस पुन्हा खाली. सगळं बसलं की आई चुलीतली राख आणून अंगणात लांब पट्टा पसरायची. त्यावरून गाडी ओढत न्यायची आणि मग चाकांचे माग बघायचे. दोन माग शेवटपर्यंत सरळ गेले तर गाडी पास. अण्णांनी दुसरी कुठली परीक्षा कधी मानली नाही, आणि मीही नाही.

तर, दिराचं म्हणणं असं होतं की दुकानाचं शटर एका मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यावं. दादांनी घरी आराम करावा, वैनींनी घर बघावं. दीर नोकरीवाला माणूस, शर्टाची इस्त्री मोडू न देणारा. त्याच्या मनात वाईट नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा कळलं असतं तरी मी ऐकलं नसतं. गेटांवर आणि ग्रिलांवर गॅरेज चालत नाही, हे मात्र त्याचं खरं होतं. गाडीखालचं काम दारातून परत जायला लागलं की गॅरेज संपलं. आणि मला तर ते शेड म्हणजे श्वास होता.

अशात ती जीप आली. तीही स्वतःच्या पायांनी नाही, ट्रॅक्टरला बांधून.

जीप डोंगरावरच्या वस्तीवरल्या एका म्हाताऱ्याची. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. वस्त्यांवरचं दूध गोळा करून रोज सकाळी ओढ्यातून खाली भूमला खव्याच्या भट्ट्यांवर आणायचं, हे त्यांचं काम. तो ओढा म्हणजे नुसते धोंडे. चारही चाकं ओढणारी गाडी असल्याशिवाय तिथून दुधाचा कॅन काय, रिकामी घागरसुद्धा येत नाही. त्या ओढ्यातच जीपचा पुढचा आक्सल मोडला होता. मामांनी सोलापूरच्या भंगारातून दुसऱ्या, जड गाडीचा आक्सल आणला होता.

"पाटे माझ्या जीपचे आन् आक्सल परक्याच्या घरचा," मामा म्हणाले. "आता ह्यांचं लगीन लावून द्या."

अडचण नेमकी ती होती. जीपच्या पाट्यांच्या स्प्रिंगा आक्सलवर जिथं टेकतात तिथं एक बैठक असते, जाड लोखंडाची, मधे भोक असलेली. परक्या आक्सलवरच्या बैठका परक्या गाडीच्या मापाच्या. त्या कापून नव्या बैठका करायच्या, आणि नेमक्या जागी, नेमक्या कोनात आक्सलला वेल्ड करायच्या. नवऱ्यानं आक्सलवरून हात फिरवला, हात मागं घेतला आणि म्हणाले, "माझ्यानं न्हाय व्हायचं. हिला विचारा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. दीर तिथंच चहा पीत होता. तो हसला. नुसता हसला असता तरी मी गप्प बसले असते, पण वर म्हणाला, "मामा, दूध पोचवायचंय का वर जायचंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भावजी," मी म्हटलं, "ही जीप सरळ गेली तर दुकानाचं नाव पुन्हा काढायचं न्हाय. वाकडी गेली तर चावी तुमच्या हातात देते." चार माणसांसमोर बोलून गेले. बोलल्यावर नवऱ्याकडं बघायचं धाडस झालं नाही. नंतर त्यांनाही तोंड उघडायला बंदी घातली. "मधे मधे बोलायचं न्हाय. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, त्यांनी सांगितलं म्हणून झालं." ते बरं म्हणाले आणि खुर्ची घेऊन शेडच्या कोपऱ्यात बसले.

कामाला मी कमी पडले नाही, हे कुणाच्याही तोंडावर सांगते. जुन्या बैठका ग्राइंडरनं कापल्या. जाड पट्टी तापवून, आक्सलच्या नळीवर घोड्याच्या खोगिरासारखी बसेल अशी वाकवली. आक्सलच्या पोटातला गोळा, चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा, एका बाजूला असतो, त्यामुळं तिथून माप घेतलं की फसलं. मी दोन्ही टोकांच्या चाकांपासून मापं घेतली, तीन-तीनदा. बैठकांना नुसते वेल्डचे कच्चे टाके मारले, जीपखाली आक्सल सरकवला, पाटे बसवले, यू-बोल्ट आवळले. आणि मग अण्णांचा ओळंबा लावला.

पुढचं चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं तिला किंगपिन म्हणतात. मी ओळंब्याची दोरी त्या पिनेशी लावली आणि टाके तोडून आक्सल पुढंमागं फिरवत, पुन्हा टाके मारत राहिले, पिन दोरीशी तंतोतंत उभी राहीपर्यंत. केसभर फरक ठेवला नाही. कोपऱ्यातून नवरा खाकरले. मी वळून बघितलं, तर ते दुसरीकडं बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी घरची राख पोत्यात भरून आणली आणि शेडसमोरच्या वाटेवर पट्टा पसरला. मामा आणि आणखी दोघांनी जीप ढकलत त्यावरून नेली. माग काय पडले म्हणून सांगू! दोरी आखल्यासारखे. मी दिराला हात धरून दाखवायला नेलं. "बघा, भावजी. नीट बघा."

त्यानं बघितलं आणि म्हणाला, "टाक्यांवरच तर उभी हाय. टाके काय, आमच्या आईच्या गोधडीलाबी असतेत."

बस्स. खरं तर टाक्यांवरच रस्त्यावर हळूहळू फिरवून बघायची आणि मग पक्कं करायचं, एवढं मला कळत होतं. पण आक्सल परत खाली काढला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बैठकांना पक्कं वेल्ड मारून मोकळी झाले. एका जागी फार तापून नळी वाकू नये म्हणून थोडं इकडं, थोडं तिकडं, मधे थंड होऊ देत. वेल्ड सुंदर पडलं होतं. चुकीच्या जागी इतकं सुंदर काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

रस्त्यावरची परीक्षा बाजाराच्या दिवशी ठेवली. हासुद्धा माझाच आगाऊपणा. अख्ख्या तालुक्यानं बघावं असं वाटत होतं. मामा गाडी चालवायला, मी शेजारी. बाजारातून हळू निघालो तेव्हा भाजीवाल्या बायका माझ्याकडं बघून हसत होत्या आणि मी पदर सावरून राणीसारखी बसले होते.

बार्शीच्या रस्त्याला लागल्यावर मामांनी वेग घेतला आणि जीपला भरलं वारं. डावीकडं जायला लागली. मामांनी उजवीकडं वळवली, तर उजवीकडंच निघाली. स्टिअरिंग वळवलं की तिथंच राहायचं, आपण होऊन माघारी येईना. मामा सारखे खेचत होते, इकडं, तिकडं. समोरून एसटी आली. ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दाबला. मामांनी जीप कडेच्या खडीत घातली आणि उभी केली. मग मामा एवढंच म्हणाले, "ताई, दूध असतं तर त्याचं ताक झालं असतं."

चालण्याच्या वेगानं आम्ही परत आलो. बाजारातून. तेच भाजीवाले, त्याच बायका. दीर शेडसमोर उभाच होता. त्याला विचारायची गरज पडली नाही, आमची तोंडंच सांगत होती. त्यानं हात पुढं केला. चेष्टेनं नाही, अगदी शांतपणे. "वैनी, चावी."

चावी माझ्या कमरेला होती. चार माणसांसमोर शब्द दिलेला होता, आणि तीच चार माणसं आता उभी होती, वर बाजारातली चाळीस. मी म्हटलं, "न्हाय देत."

"शब्द दिलावता तुमी."

"दिलावता. मोडला. जा, सांगा सगळ्यांला."

लोक हसले. एक बाई म्हणाली, काय बाई तरी ही. माझे कान तापले होते, लाज वाटत होती, पण चावीवरचा हात मी काढला नाही. दीर मान हलवत निघून गेला. जाता जाता म्हणाला, उद्या मोबाइलवाल्याला घेऊन येतो, दादांशीच बोलतो.

मी शेडमध्ये गेले आणि सगळा राग नवऱ्यावर काढला. "खाकरला तेव्हा तुमाला दिसलं होतं ना? मग बोलायला काय झालं होतं?"

"तूच बंदी घातलीवती," ते म्हणाले. "विचारशील म्हणून वाट बघत होतो."

"माणूस मेलं असतं म्हणजे?"

त्यावर त्यांची मान खाली गेली. "राखेवर बघून पुन्हा टाक्यांवरच फिरवून बघशील असं वाटलं. तू एका दिवसात पक्कं करून मोकळी झालीस. तरीबी बोलायला पायजे होतं. चुकलं माझं."

मग ते उठले आणि भिंतीला टेकवलेली सायकल घेऊन आले. पुढच्या चाकाचा चिमटा दाखवला. "हा उभा सरळ हाय का?" नव्हता. वरून मागं कललेला होता. त्यांनी सीट धरून सायकल पुढं ढकलली. हँडलला हात नाही, तरी चाक सरळ. मुद्दाम वाकडं केलं, तर चालता चालता आपसूक माघारी आलं. "बैलगाडीला वळवायला बैल असतेत, म्हणून अण्णांचा आस ओळंब्यात बरोबर. जीपला बैल न्हायती. हिची पिन मागं कलवावी लागते, म्हणजे ही आपली आपण सरळ होते."

मी तिथंच जमिनीवर बसले. राखेवर तीन माणसांनी ढकलत नेलेली गाडी सरळ जाणारच होती. मी जीपची बैलगाडी केली होती, आणि वर अण्णांची परीक्षा लावून तिला पास केलं होतं.

"किती कलवायची?"

त्यांनी वीत उघडून दाखवली, मग एक बोट आडवं धरलं. वीतभर उंचीला बोटभर कल. जास्त कलवली तर इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडं आणणारा मागचा फिरता दांडा वाकडा धरला जातो आणि त्याचा सांधा झिजायला लागतो. बोट थरथरत होतं, पण माप कळलं.

तेवढ्यात मामा आत आले. मला वाटलं, जीप न्यायला आले. मी म्हटलं, "मामा, दुसरीकडं दाखवायची असली तर..." त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "चूक जिनं केली तिलाच आता कुठं चुकलंय ते कळतंय. दुसऱ्याकडं नेली तर तो पहिल्यापासनं चुकंल. मला उशीर व्हायलाय, ताई. लागा कामाला."

माझंच सुंदर वेल्ड मी ग्राइंडरनं कापलं. ठिणग्या उडत होत्या आणि मी तोंडानं शिव्या देत होते, कुणाला ते माझं मलाच ठाऊक नाही. नळी घासून पुन्हा गुळगुळीत केली. या वेळी बैठका सुट्याच ठेवल्या, यू-बोल्ट सैल ठेवले आणि जीपचं सगळं वजन चाकांवर उतरवलं. गोळ्याच्या नाकाखाली, जिथं तो दांडा जोडतात तिथं, जॅक लावून आक्सल थोडा थोडा फिरवला. ओळंबा लावला, वीत धरली, बोट धरलं. नवरा शेजारी उकिडवे बसले होते. मी विचारत होते, ते सांगत होते. एका जागी मी म्हटलं, बोटापेक्षा थोडं कमी ठेवते, दांड्याचा सांधा जास्त वाकतोय. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. माझ्या ध्यानात आलं नव्हतं." मग टाके मारले आणि टाक्यांवरच मामांनी शेडसमोर चार-सहा चकरा मारल्या. प्रत्येक वळणानंतर स्टिअरिंग आपसूक माघारी आलं. तेव्हा कुठं मी पक्कं वेल्ड मारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा बार्शीच्या रस्त्याला लागलो. बाजार नव्हता, बघायला कुणी नव्हतं. मामा चालवायला, मी शेजारी, आणि या वेळी मागं नवराही चढून बसले, कुणी न सांगता. मामांनी वेग घेतला. मी दोन्ही हातांनी समोरची पट्टी धरली होती. एक वळण आलं, गाडी वळली आणि स्टिअरिंग मामांच्या तळहातातून आपणच सरकत सरळ झालं. मामांनी माझ्याकडं बघितलं, रस्ता मोकळा होता, आणि त्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले. जीप सरळ जात राहिली. "अगं माय माय माय!" मी ओरडले. मागून नवरा हसत होते, मला ऐकू येत होतं. तिथून मामांनी जीप ओढ्यात घातली, धोंड्यांवरून चढवली, उतरवली आणि पुन्हा रस्त्यावर आणून हात सोडून दाखवले. एकदा, दोनदा. मग मीच म्हटलं, पुरे आता, एसटीची वेळ झाली.

परत आलो तर शेडमध्ये दीर आणि मोबाइलवाला उभे. मोबाइलवाला टेप लावून भिंत मोजत होता. मामांनी जीप थांबवली आणि खाली न उतरताच सांगितलं, "सरळ चालतीय. उद्यापासनं दूध घिऊन जातो."

दिरानं ऐकलं. खोटं कशाला बोलू, त्याला बरंही वाटलं असावं. पण तो हट्टी, आमच्याच घरचा. "चांगलं झालं," तो म्हणाला. "पण ही दुसरी बारी. शब्द पहिल्या बारीचा होता. पहिल्या बारीला वाकडी गेली. चावी माझी होते. खोटं असंल तर सांगा, वैनी."

खोटं नव्हतंच. मोबाइलवाला टेप हातात धरून वाट बघत होता.

तेव्हा नवरा जीपमधून खाली उतरले. "आबांनी मला पहिला आक्सल दिला," ते भावाला म्हणाले, "ती गाडी वेशीच्या बाहेरबी गेली न्हाय. खड्ड्यात उतरली. दुसराबी वाकडाच बसवला होता म्या. तू तवा लहान होतास. आबा काय म्हणले ठाऊक हाय? पोरगं शिकतंय म्हणले, आन् तिसरा आक्सल माझ्यापुढं टाकला. चावी मागितली न्हाय कुणी."

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांचा पहिला आक्सलच सरळ बसला असणार. दोन दिवस डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तिथं आलं, आणि ते रागाचं होतं. या शेडमध्ये चुकायला मुभा होती. सहा वर्षं मी एकेक गेट चारचारदा मोजत होते, काटकोनाचा गुण्या लावत होते, रात्री उठून माप आठवत होते, आणि मुभा पहिल्यापासून होती. मला कुणी दिली नव्हती एवढंच. आणि मी मूर्ख, आपणहून चावी पणाला लावून बसले होते.

मी डोळे पुसले, हाताचं काळं गालाला लागलं ते लागू दिलं, आणि मोबाइलवाल्याला म्हटलं, "भाऊ, टेप गुंडाळा." मग दिराकडं वळले.

"भावजी, तुमचं खरंय. पहिल्या बारीला वाकडीच गेली. चावी माझ्याकडंच राहणार. आन् पुढचा आक्सल वाकडा बसला तरीबी माझ्याकडंच राहणार."